दसऱ्याला धुतलेली चावी

लोखंड धुतल्याशिवाय त्याला हळद लावायची नाही, हा आमच्या माहेरचा कायदा. दसऱ्याच्या सकाळी वखर, विळे, कुऱ्हाड, विहिरीची साखळी, सगळं अंगणात मांडलं जायचं आणि ताई ते एकेक करून पंचामृतानं आणि मग पाण्यानं धुवायची. ताई म्हणजे माझी मोठी बहीण. माझ्याहून चौदा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, त्यामुळे मला वाढवलं ते तिनंच. पुढे शेत वाटण्यांत गेलं, अवजारं मोडीत गेली, मी अमरावतीला शाळेत गणित शिकवायला लागले, पण कायदा मात्र माझ्यासोबत आला. आम्ही गाडी घेतली तेव्हा ती अंगणात मावेना, रस्त्यावरच उभी राहायची. एवढ्या मोठ्या धुडाला रस्त्यात पंचामृत कुठं घालणार? म्हणून मी तिच्या वतीनं तिची दुसरी चावी ताम्हणात घ्यायला लागले. दही, दूध, तूप, मध, साखर, वरून पाणी. मग पुसून हळदकुंकू आणि अक्षता. असे आठ दसरे झाले. वर्षभर ती चावी देवघरात अन्नपूर्णेशेजारी असायची. आल्यागेल्यांना मी ती कौतुकानं दाखवायचे. जन्मभर पोरांना अक्कल शिकवणाऱ्या बाईची स्वतःची अक्कल ही एवढी.

ताईनं तीस वर्षं नांदगाव खंडेश्वरला अंगणवाडी चालवली. नवरा तरुणपणीच गेला, एकच मुलगा, तो अकोल्याला. गेल्या दिवाळीत तिच्या यकृताचा आजार बाहेर पडला आणि भाचा तिला अकोल्याला घेऊन गेला. घराला कुलूप लागलं. मे महिन्यातल्या एका गुरुवारी डॉक्टरांनी भाच्याला बाजूला घेऊन सांगितलं, की आता औषधात काही राहिलं नाही, त्यांना बसवतं आहे तोवर काय इच्छा असेल ती पुरी करा, आणि काय करायचं ते या आठवड्यात करा. इच्छा काय, ती आम्हां सगळ्यांना माहीत होती. तिला एक दिवस नांदगावला जाऊन आपल्या ओट्यावर बसायचं होतं. गल्लीतल्या बाया, हाताखालून गेलेली पोरं, त्यांची पोरं, सगळ्यांना एकदा बघायचं होतं. बस्स.

त्याच दिवशी तिनं मला फोन केला.

"अँबुलन्स नोको आणू बाप्पा," ती म्हणाली. "अँबुलन्स पाह्यली की साऱ्या बाया रडतच येतीन. मले त्याईचं रडणं नाई पाह्यचं. तुह्या गाडीनं नेजो. तूच चालवशीन ना?"

"मीच चालवतो ताई. आयतवारी दहाले तुह्या दारात."

तिच्याशी बोलताना माझी शाळेतली भाषा आपोआप गळून पडते. त्या "तूच चालवशीन ना"ला एक मागचा संदर्भ होता, तो सांगते. एक्कावन्नाव्या वर्षी मी गाडी शिकले. सगळी भावकी हसली. दीर म्हणाले, आता रस्त्यावरची कुत्री मोजून ठेवा. एकटी ताई तेवढी म्हणाली होती, मले बसव एक दिवस. तेव्हापासून दर वर्षी मी तिला बसवणार होते. आधी परीक्षा, मग ऊन, मग पाऊस, मग कुणाचं लग्न. सात-आठ वर्षांत तिला नांदगावहून अमरावतीपर्यंतसुद्धा मी आणलं नाही. पस्तीस-चाळीस किलोमीटर. ती आपली एसटीनं यायची आणि माझ्या गाडीवर हात फिरवून परत एसटीनं जायची.

रविवारी सकाळी सात वाजता चावी फिरवली, तर नुसतं टिक झालं. ह्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्यामुळे दीड महिना गाडी जागची हलली नव्हती, वरून वैशाखातलं ऊन. बॅटरी पार बसली होती. शेजारी बडनेऱ्याच्या रेल्वेतून निवृत्त झालेले गृहस्थ राहतात. ते आपली गाडी आणि वायरी घेऊन आले. "वहिनी, इंजिनं चालवली आपण, हे काय हाय!" असं म्हणत त्यांनी पहिल्या झटक्याला वायरी उलट्या लावल्या. ठिणगी उडाली, आम्ही सगळे दोन पावलं मागं. मग त्यांनी सुलट लावल्या. दिवे लागले, हॉर्न वाजला, मला हायसं वाटलं. चावी फिरवली, इंजिन एक क्षण चालू झालं आणि बंद पडलं. समोरच्या काचेखाली एक लाल दिवा लुकलुकायला लागला. त्यात चावीचं चित्र. दहा वेळा फिरवली. दहाही वेळा तसंच. मग रेल्वेवाल्यांनी बॅटरी काढून परत बसवली, त्यानं काय व्हायचं होतं कुणास ठाऊक. दिवा लुकलुकतच राहिला.

दहा वाजता हे म्हणाले, "अगं, भाड्याची गाडी कर. तासाभरात मिळते. ताईंना गाडीशी काय, घरी जाण्याशी मतलब."

मी म्हटलं, "एवढं बॅटरीचंच तर आहे. दुपारपर्यंत होऊन जाईल."

हे वाक्य मी त्या आठवड्यात इतक्या वेळा म्हटलं, की आता ते आठवलं तरी तोंडात कडू येतं. मला मीच चालवत नेणारी बहीण व्हायचं होतं. आजारी माणसाची इच्छा पुरी करायला निघाले होते आणि मध्येच माझी स्वतःचीच हौस पुरी करायला बसले, हे खरं आहे. तेव्हा कळलं नाही असंही म्हणता येणार नाही. कळत होतं.

सोमवारी क्रेननं गाडी ओढून सर्व्हिस सेंटरला नेली. गल्लीतले लोक गच्चीवर येऊन बघत होते. तिथल्या टाय लावलेल्या माणसानं मला समजावलं: चावीच्या काळ्या प्लास्टिकच्या डोक्यात एक बारीकशी चिप असते. गाडीतला इमोबिलायझर ती ओळखतो, मगच इंजिन चालू देतो. म्हणजे चोरानं नुसती लोखंडी चावी बनवून उपयोग नाही. वायरी उलट लागल्यामुळे तुमची गाडी ही चावी विसरली आहे.

"मग आता?"

"काही नाही मॅडम. दुसरी चावी आहे ना? ती अजून लक्षात असेल. ती दाखवून आम्ही पहिली शिकवतो. अर्ध्या तासाचं काम."

मी रिक्षा करून घरी आले आणि देवघरापुढे उभी राहिले. चावीवर आठ वर्षांच्या कुंकवाचा थर. पुसायला म्हणून अंगठ्यानं जरा दाबलं, तर प्लास्टिकचं डोकं दोन शिंपल्यांसारखं उघडलं. तुपादह्यानं आतला डिंक कधीच सुटला होता. आत एक छोटा खळगा होता, चिप बसायचा. त्यात अक्षतेचे दोन लाल दाणे अडकले होते. चिप नव्हती.

सर्व्हिस सेंटरचा माणूस फोनवर म्हणाला, की चिप मिळाली तर तशीच आणा, चालेल. नाहीतर कंपनीकडून कोड मागवावा लागेल, नवीन चावी येईल. चार-पाच दिवस, जास्तही. चिप केवढी असते, मी विचारलं. तांदळाच्या दोन दाण्यांएवढी, काळी.

आता आमच्या घरी निर्माल्य वाहत्या पाण्यात टाकत नाहीत, कारण वाहतं पाणी कुठं आहे? मागच्या अंगणात शेवग्याखाली एक खड्डा आहे, त्यात मी वर्षानुवर्षं फुलं, अक्षता, दुर्वा टाकते. मंगळवारी सकाळपासून मी पिठाची चाळणी घेऊन त्या खड्ड्यापाशी बसले. मूठ मूठ माती चाळायची, उरलेलं परातीत पसरायचं, बोटानं चाचपायचं. ऊन असं की परात चटके देत होती. हे काळा चष्मा लावून दारात उभे. त्यांना उन्हात यायची मनाई, त्यामुळे सूचना तेवढ्या सावलीतून. काळे मणी सापडले, वातीच्या डब्याचं झाकण, हरवली म्हणून मी मोलकरणीवर संशय घेतला होता ती चांदीची सुपारी सापडली. तेवढ्यात अकोल्याहून फोन आला.

"निंगाली काय वो?"

"ताई, आज नाई जमत. गाडीले थोडं काम निंगालं. उद्या येतो."

"असू दे, असू दे. मी तं तयारच हाय. सून म्हणे पातळ बदला, मी म्हटलं राहू दे, घडी मोडीन."

भाचसुनेनं नंतर सांगितलं, की रविवारपासून रोज आठ वाजता आंघोळ करून, नवं लुगडं नेसून ती खिडकीपाशी खुर्चीत बसायची. पिशवी मांडीवर. खाली गाडीचा आवाज आला की मान उंचावून बघायची. बाराला म्हणायची, आता ऊन झालं, आता उद्याच येईन ते.

दुपारी तीन वाजता मला काळा तुकडा सापडला. तांदळाच्या दोन दाण्यांएवढा, टणक. मी आंघोळही न करता, मातीच्या हातांनी रिक्षात बसले. टायवाल्यानं तो तुकडा तळहातावर घेतला, उजेडात धरला, वास घेतला.

"मॅडम," तो हळूच म्हणाला, "ही सुपारी आहे."

मागे दोन मेकॅनिक उभे होते, ते हसले नाहीत. त्यांनी हसायला हवं होतं. त्या एअरकंडिशन हॉलमध्ये सोफ्यावर बसून मी ढसाढसा रडले, आणि कुणीतरी मला कागदी ग्लासात पाणी आणून दिलं.

बुधवारी ह्यांनी मला न विचारता भाड्याची गाडी ठरवली. दुपारी बारा वाजता ती दारात येऊन उभीसुद्धा राहिली, पांढरी, स्वच्छ, ड्रायव्हर बरा दिसत होता. आणि त्याच वेळी मला फोन आला तो अचलपूरच्या चावीवाल्याचा. रेल्वेवाल्यांनी त्याचा नंबर काढला होता; लॅपटॉप लावून कुठलीही गाडी उघडतो म्हणे. तो म्हणाला, "काकू, फिकर नका करू. उद्या सकायी येतो. अशा लय गाड्या केल्या मी. कोड-बिड काई लागत नाई."

मी दारातल्या ड्रायव्हरला परत पाठवलं.

हे पंख्याखाली जाऊन बसले आणि डोळ्यात थेंब घालायची वेळ झाली तरी त्यांनी मला हाक मारली नाही. मी ताईला फोन लावला, की परवा नक्की, माझ्याच गाडीनं. ती म्हणाली, "हो ना, तुह्याच गाडीनं. मले कायची घाई?" आवाज जरा खोल वाटला. मी म्हटलं, जेवली का? म्हणे, जेवली.

गुरुवारी चावीवाला आला, सर्व्हिस सेंटरच्या बाहेर, लिंबाखाली. आत त्याला येऊ देईनात म्हणून गाडी ढकलत बाहेर आणावी लागली. चाळिशीचा माणूस, पान खाणारा, कामात एकदम शांत. त्यानं स्टेअरिंगखालचं सगळं उघडलं आणि लॅपटॉपपुढे मांडी घालून बसला. गुरुवार गेला. रात्री तो बसस्टँडजवळ लॉजवर राहिला, शुक्रवारी सहाला परत आला. साडेसातला इंजिन चालू झालं. बंद पडलं नाही. मी त्या माणसाच्या पाया पडायचीच बाकी राहिले होते.

"ऐका काकू," तो म्हणाला. "मी हिले एकडाव फसवलं हाय. इंजिन चालू हाय तोवर चालू हाय. बंद केलं तं पुन्हा चावी ओळखीन का नाई, हे मी नाई सांगू शकत. तुमचं काम पयले करून घ्या. बंद नोका करू. एसी बी नोका लावू."

पेट्रोल त्यानंच कॅनमधून आणून, इंजिन चालू ठेवूनच भरलं. मी नको म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. ह्यांना शेजारी बसवलं आणि निघाले. अमरावती ते अकोला शंभर किलोमीटर, खिडक्या उघड्या, तोंडावर भट्टीतली हवा. चहाला थांबलो नाही. मूर्तिजापूरच्या पुढे ह्यांना थांबणं भाग पडलं. ते झाडामागे गेले तेवढा वेळ मी अ‍ॅक्सिलरेटरवर पाय ठेवून बसले होते, गाडीशी बोलत. चाल गं, नको बंद पडू, तुला नारळ फोडीन. बोलण्यावर माझा ताबा नव्हता. मनात मात्र आनंद होता, हे लिहायलाच हवं. अकोला, तिथून परत बडनेऱ्यावरून नांदगाव, चार वाजेपर्यंत ताई आपल्या ओट्यावर. मी गावात हॉर्न वाजवत शिरणार होते.

अकोल्याला भाच्याच्या बिल्डिंगखाली पोहोचलो तेव्हा साडेदहा झाले होते. गाडी चालूच ठेवली. हे आत बसून राहिले, राखण करायला. मी दोन जिने चढून वर गेले.

खिडकीपाशी खुर्ची रिकामी होती. तिच्यावर लुगड्याची घडी आणि पिशवी. ताई पलंगावर आडवी होती. चेहरा हळदीसारखा पिवळा, ओठ कोरडे. मला बघून हसली.

"आली काय?"

"आली ताई. चल. खाली गाडी उभी हाय, हे बसले हायेत तिच्यात."

तिनं उशीवरच मान हलवली. "नाई वो आता. बसल्या जात नाई."

मी भाचसुनेकडे पाहिलं. ती पदराचं टोक पिळत होती. "मावशी, परवापासून. संध्याकाळी जेवायला उठवलं अन् बसताच येईना. त्याईनंच सांगू नाई दिलं. म्हणे तिले सांगसान तं घाईनं गाडी पळवत येईन, एकटी बाई, रस्ता खराब."

परवा म्हणजे बुधवार. बुधवारी दुपारी बाराला माझ्या दारात गाडी उभी होती. दोन-अडीचपर्यंत ती इथं आली असती, तेव्हा ताई त्या खुर्चीत बसलेली होती. संध्याकाळच्या जेवणाला नांदगावच्या ओट्यावर, पोरीसोरींच्या गराड्यात असती. मी गणिताची बाई. हे गणित मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

तरी मी हट्ट केला. म्हटलं, सीट पूर्ण मागं पाडू, झोपवून नेऊ, उशा लावू. भाच्यानं पाठीखाली हात घालून तिला जेमतेम वीतभर उचललं, तर तिच्या तोंडून असा आवाज निघाला की माझ्या हातातून तिचा हात सुटला. आम्ही तिला परत ठेवलं. ती डोळे मिटून कितीतरी वेळ नुसती श्वास घेत होती. पुन्हा उचलायचं नाव कुणी काढलं नाही.

डोळे उघडल्यावर तिनं कान दिला. "खाली गुरगुरून राहिली ते तुहीच गाडी काय?"

"हो."

"मंग बंद कर ना बाई. तेल कायले जाळतं? अन् भाऊजीले उन्हात कायले बसवलं? बंद कर अन् बस माह्यापाशी."

बंद केली तर ती पुन्हा चालू होणार नाही, हे मी तिला कसं सांगणार होते? आणि सांगून तरी काय उपयोग होता? मी उठले. दोन जिने उतरले.

हे घामानं निथळत बसले होते. मला बघून लगबगीनं दार उघडायला लागले. "आणताहेत का? मागचं दार उघडू? उशी इकडून ठेवू का?"

"नाही," मी म्हटलं. "ती नाही येत."

मी खिडकीतून हात घातला आणि चावी फिरवली. इंजिन बंद झालं. पुढच्या काचेखाली लाल दिवा लुकलुकायला लागला.

"अगं!" हे ओरडले. "पुन्हा चालू नाही झाली तर?"

"आता कुठं जायचं आहे?" मी म्हटलं, आणि चावी काढून जिना चढायला लागले.